लॅक ला राँज: होडी पाण्यात घालण्यापासून मासा तव्यावर येईपर्यंत

कोकणातला माणूस गरवायला निघतो तेव्हा आधी तिथी बघतो. अष्टमी असली की भांगाची भरती, पाणी फार चढायचं नाही. पुनवेला उधाण, खडपावर उभं राहायची सोय नाही. माझे आजोबा हे सगळं पंचांग न उघडता सांगायचे. कॅनडात सस्कॅचवान प्रांताच्या उत्तरेला लॅक ला राँज नावाचं तळं आहे. तिथं होडी घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा ही सगळी विद्या बिनकामाची ठरली. तिथं भरती नाही, ओहोटी नाही. तिथला सगळा कारभार वारा बघतो. मासे कुठं लागतील, तिथवर जाता येईल का आणि मुख्य म्हणजे परत येता येईल का, हे तोच ठरवतो.

सास्काटून, रेजायना किंवा कॅलगरीत राहणारी आपली बरीच मंडळी ‘एकदा नॉर्थला मासे पकडायला जाऊ’ म्हणतात आणि राहून जातं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. मासेमारीचा भाग मी मुद्दाम उशिरा घेतला आहे. मासे तिथं लागतातच. चुकतं ते त्याच्या आधी.

तळं म्हणू नये इतकं मोठं

लॅक ला राँजचं क्षेत्रफळ सुमारे १,४१३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. त्यात १,३०० हून अधिक बेटं आहेत. हे तळं बरोबर एका भूशास्त्रीय सीमेवर बसलं आहे. दक्षिणेला मैदानी प्रदेशाची सपाटी संपते आणि उत्तरेला कॅनेडियन शील्डचा अतिप्राचीन कठीण खडक सुरू होतो. म्हणून तळ्याचे स्वभावही दोन आहेत. दक्षिणेकडे मोठं मोकळं पाणी, जिथं वाऱ्याला अडवणारं काही नाही. उत्तर आणि पूर्वेकडे बेटांचं जंगल, अरुंद वाटा, अचानक वर येणारे खडक आणि तितकेच अचानक लागणारे खोल डोह. तळ्याचं पाणी रॅपिड नदीतून निस्टोविअक धबधब्यावरून चर्चिल नदीत उतरतं आणि शेवटी हडसनच्या उपसागराला मिळतं.

काठाला ला राँज नावाचं गाव आहे आणि त्याला लागून एअर राँज. हा वूड्स क्री या मूळ रहिवाशांचा मुलूख. त्यांच्यातल्या लॅक ला राँज इंडियन बँड या समूहाच्या पूर्वजांनी १८८९ मध्ये ब्रिटिश राजसत्तेबरोबरच्या सहाव्या कराराला जोडपत्र देऊन सही केली. त्यांच्या वस्त्या आणि राखीव जमिनी तळ्याच्या आसपास आजही आहेत. हे इतिहासासाठी सांगत नाही, कामासाठी सांगतो. नकाशात ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या किनाऱ्यावर विचारल्याशिवाय तंबू ठोकायचा नाही. पाण्यात रांगेनं तरंगणारे बोये किंवा रिकामे डबे दिसले तर ती कुणाची तरी जाळी आहेत. त्यांच्यावरून होडी नेऊ नका. जाळ्याची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतली तर दोघांचंही नुकसान.

केव्हा जायचं

बर्फ साधारण मे महिन्याच्या उत्तरार्धात जातो. मासेमारीसाठी प्रांताचे तीन विभाग आहेत. हे तळं उत्तर विभागात येतं आणि तिथला हंगाम २५ मेच्या सुमारास उघडून पुढच्या वर्षी १५ एप्रिलला बंद होतो. म्हणजे हिवाळ्यात बर्फाला भोक पाडूनही मासेमारी चालते, पण तो वेगळाच विषय आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं हंगाम उघडल्या उघडल्या धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा मासे काठाशी असतात हे खरं, पण पाणी चार-पाच अंशांचं असतं. अशा पाण्यात पडल्यावर काय होतं, ते पुढं सांगतोच. जूनचा दुसरा पंधरवडा चांगला. दिवस १७ तासांहून मोठा असतो, रात्री साडेनवालाही उजेड असतो, आणि सस्कॅचवानमध्ये घड्याळ पुढं-मागं करायची भानगड नाही. डास मात्र याच वेळी शिगेला असतात. डोक्यावरून घ्यायची जाळी नेली नाही तर दुसऱ्याच दिवशी घरी जावंसं वाटेल. आमच्या घरचं एकमत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यावर आहे. तेव्हा डास संपलेले असतात, बर्चची पानं पिवळी पडायला लागतात, आणि वारा थोडा जास्त असला तरी गर्दी नसते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट तपासायची: वणवे. २०२५ च्या जूनमध्ये वणव्यामुळे ला राँज आणि आसपासच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या होत्या. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रांताच्या संकेतस्थळावर वणव्यांचा नकाशा, चुली पेटवण्यावरची बंदी आणि रस्त्यांची स्थिती बघून घ्या.

कागदपत्रं

चार गोष्टी आहेत. पहिली, प्रत्येक मोठ्या माणसाचा मासेमारीचा परवाना. तो ऑनलाइन काढता येतो. दुसरी, होडी चालवणाऱ्याचं कार्ड. कॅनडात इंजिनाची होडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे क्षमतेचा पुरावा असणं २००९ पासून बंधनकारक आहे, आणि बहुतेक लोक त्यासाठी प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड काढतात. ऑनलाइन अभ्यास, ऑनलाइन परीक्षा, एका शनिवार-रविवारचं काम. भाड्याची होडी घेतली तर मालक तुमच्याबरोबर सुरक्षेची यादी भरून घेतो आणि त्या भाड्याच्या मुदतीपुरता तो कागद चालतो. तरीही कार्ड काढाच. त्या अभ्यासातलं बरंचसं पुढं उपयोगी पडतं. तिसरी, स्वतःची होडी असेल आणि इंजिन १० हॉर्सपॉवर किंवा जास्त असेल तर होडीचा लायसन्स नंबर. चौथी, प्रांतीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये उतरणार असाल तर गाडीचं परमिट.

याशिवाय त्या वर्षीची ‘अँग्लर्स गाइड’ पुस्तिका फोनमध्ये उतरवून ठेवा. कुठला मासा किती ठेवता येतो हे तळ्यागणिक बदलतं आणि लॅक ला राँजसाठी वेगळ्या मर्यादा असतात. त्या दरवर्षी नव्यानं वाचायच्या. ‘मागच्या वर्षी चालत होतं’ हे अधिकाऱ्याला सांगून उपयोग होत नाही.

प्रांतभर लागू असलेले तीन नियम मात्र पाठच करा. गरीला उलटा काटा चालत नाही. पकडीनं तो दाबून सपाट करायचा. जिवंत मासोळी आमिष म्हणून चालत नाही. आणि उघड्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी.

रस्ता

सास्काटूनहून ११ नंबरच्या हायवेनं प्रिन्स अल्बर्ट, साधारण १४० किलोमीटर. तिथून २ नंबरच्या हायवेनं सरळ उत्तरेला ला राँज, आणखी २४० किलोमीटरच्या आसपास. रस्ता डांबरी आहे, पण ट्रेलर मागं असेल तर साडेचार-पाच तास धरा. प्रिन्स अल्बर्टला टाकी भरून घ्या. पुढं पंप मोजके आहेत. त्याच थांब्यावर ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या भागाला हात लावून बघा. हात ठेवता येत नाही इतका गरम असेल तर बेअरिंग कोरडं आहे. हे जंगलात कळण्यापेक्षा गावात कळलेलं बरं. संध्याकाळनंतर गाडी हळू चालवा. मूस म्हणजे हरणाच्या जातीतलं भलंमोठं जनावर; तो काळसर रंगाचा असतो, उंच पायांचा असतो, आणि गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे हरणासारखे नजरेच्या रेषेत चमकत नाहीत.

मोबाइलची रेंज गावात आणि हायवेच्या काही पट्ट्यात मिळते. तळ्यावर दोन बेटं ओलांडली की संपली. म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र विकत किंवा भाड्यानं घ्या. सहा माणसांच्या गटात एक पुरे.

होडी कुठून घालायची

पहिला खरा निर्णय हा आहे. सोयीचे दोन पर्याय सांगतो.

एक, ला राँज गावाजवळून. दुकानं, पेट्रोल, मेकॅनिक सगळं हाताशी. नट पॉइंटचं कॅम्पग्राउंडही गावाला लागूनच आहे. गावासमोरही बेटं आहेत, त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या फेरीला हे छान.

दोन, वेडिन बे. गावापासून १०२ नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला तीसेक किलोमीटर. इथंही कॅम्पग्राउंड आणि होडी उतरवायचा रॅम्प आहे. पाण्यात उतरलं की बेटांचा आडोसा लवकर मिळतो. लहान मुलं बरोबर असतील, होडी सोळा फुटांची असेल, आणि तुम्ही नवखे असाल, तर डोळे मिटून वेडिन बे.

तळ्याच्या आत दूरवर असलेल्या लॉजवर जायचं असेल तर ते लोक होडीनं किंवा तरंगत्या विमानानं नेतात. त्यात पैसा जातो, पण पहिल्या वर्षी एक दिवस तरी तिथल्या गाइडबरोबर काढा. मी तीन वर्षांत जे शिकलो नव्हतो ते एका क्री गाइडनं एका सकाळी दाखवलं, आणि दिवसभरात तो फार तर वीस वाक्यं बोलला असेल.

होडी आणि सामान

अॅल्युमिनियमची, सोळा ते अठरा फुटांची, काठ उंच असलेली होडी आणि ४० ते ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, हे इथलं चलनी नाणं. फायबरची चकचकीत होडी खडकाला लागली की चीर पडते. अॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि घरी जाऊन सांगायला गोष्ट मिळते. कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, घेऊन जाणारेही आहेत, पण त्यांनी काठाकाठानंच फिरावं.

कायद्यानं लागणारं सामान: माणशी एक मापाचं लाइफ जॅकेट, फेकता येईल अशी १५ मीटर तरंगती दोरी, पाण्यातून परत होडीत चढायला काहीतरी, वल्हं किंवा दोरीसकट नांगर, पाणी उपसायला डबा किंवा पंप, शिट्टी किंवा भोंगा, पाणी न शिरणारी बॅटरी. अंधारात फिरणार असाल तर दिवे, आणि होडीत पक्की बसवलेली पेट्रोलची टाकी असेल तर अग्निशामक. भाड्याची होडी घेताना हे सगळं एकेक करून हातात घेऊन बघा. एकदा आम्हाला दिलेल्या होडीत ‘नांगर आहे’ असं सांगितलं होतं. नांगर होता. दोरी नव्हती.

यादीबाहेरचं, पण माझ्या मते तितकंच गरजेचं: इंजिनाचा जादा पंखा आणि तो बदलायचा पाना, कोरड्या पिशवीत एक गरम कपड्यांचा जोड, लायटर, दिवसभराचं जादा खाणं, आणि कागदी नकाशा. सरकारी स्थलनकाशांत हा भाग ७३पी या पत्रकात येतो. जीपीएसवर खोलीचे आकडे दिसतात, पण इतक्या मोठ्या तळ्यातला प्रत्येक खडक त्यात नाही.

रॅम्पवर

नवखी माणसं इथं गडबडतात, कारण मागं चार गाड्या उभ्या असतात आणि सगळे बघताहेत असं वाटतं. बघतही असतात. त्यावर उपाय एकच: सगळी तयारी रॅम्पवर न जाता बाजूच्या मोकळ्या जागेत करायची.

तिथं थांबून सामान होडीत भरा. मागचे पट्टे सोडा. पुढचा विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चाकाचा) हूक मात्र तसाच ठेवा. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, एक लांब दोरी बांधा. इंजिन वर उचललेलं आहे ना बघा. आणि होडीच्या तळाचं बूच बसवा.

बुचाबद्दल दोन शब्द. होडी रस्त्यावरून नेताना हे बूच काढून ठेवणं सस्कॅचवानमध्ये कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणजे एका तळ्याचं पाणी आणि त्यातले उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जात नाहीत. त्यामुळे प्रत्येक वेळी ते परत बसवावं लागतं, आणि प्रत्येक नाखवा आयुष्यात एकदा तरी ते विसरतो. मी विसरलो तेव्हा होडी पाण्यात घालून, गाडी पार्क करून, दोन कप चहा पिऊन परत आलो. बर्फाचा डबा होडीच्या आत तरंगत होता.

आता मागं घ्या. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेवा. हात ज्या दिशेला न्याल त्या दिशेला ट्रेलरचं ढुंगण वळतं. हळू. वाकडं झालं तर पुढं येऊन परत सुरुवात करा, त्यात लाज नाही. ट्रेलरची चाकं पाण्यात बुडेपर्यंत जा, हँडब्रेक लावा, गाडी पार्कमध्ये टाका. एकानं नाळेची दोरी धरायची, मग दुसऱ्यानं विंचचा हूक सोडायचा. हा क्रम उलटा झाला की होडी एकटीच निघते. होडी धक्क्याला बांधून इंजिन सुरू करून बघा आणि ते नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच गाडी बाजूला न्या.

पाण्यावर

लाइफ जॅकेट अंगात घालायचं. बसायच्या जागेखाली नाही, उशाला नाही, अंगात. थंड पाण्याबद्दल इथं १-१०-१ असा एक नियम शिकवतात. तो मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांच्या कामातून आला आहे. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास हातात राहत नाही, धाप लागते, आणि त्याच वेळी पाणी छातीत जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. थंडीनं शुद्ध हरपायला मात्र १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, पोहता येत असूनही, बुडतो. उत्तम पोहणाऱ्यालाही त्या पहिल्या मिनिटात तोंड पाण्यावर ठेवायला जॅकेटच लागतं. इंजिन बंद करणारी लाल दोरीही चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी.

निघण्यापूर्वी काठावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा: कुठल्या बाजूला जातोय, किती जण, केव्हा परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा.

आता वारा. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी पहाटे पाणी आरशासारखं असतं. दहा-अकरानंतर वारा उठतो, दुपारी भरात येतो, संध्याकाळी बसतो. म्हणून लांब जायचं ते सकाळी, दुपार आडोशाच्या खाडीत, आणि परत यायचं ते वारा बसल्यावर. सकाळी शांत पाण्यात वीस मिनिटांत ओलांडलेला मोकळा पट्टा दुपारी दोन तास खातो. तळ्यातल्या लाटा समुद्रापेक्षा लहान दिसतात, पण त्या आखूड आणि उभ्या असतात. एकीतून नाळ वर येते न येते तोच दुसरी आदळते. अंदाजात ताशी २० किलोमीटरच्या वर वारा दिसला तर सोळा फुटी होडीनं मोकळं पाणी ओलांडायचं नाही, हा आमचा घरचा नियम. तुमचा तुम्ही ठरवा, पण काठावर असताना ठरवा. मासे लागत असताना ठरवलेला नियम नियम नसतो.

तरीही लाटांत सापडलात, तर वेग कमी करा, सगळ्यांना खाली तळाशी बसवा, आणि लाटेला तिरपे, साधारण ४५ अंशांत जा. कूस लाटेला देऊ नका. इंजिन बंद पडलं तर आधी नांगर, मग दुरुस्ती. आणि नांगर नेहमी नाळेकडून. मागच्या बाजूनं टाकला तर इंजिनाच्या वजनानं आधीच दबलेला भाग लाटेखाली जातो आणि होडी भरते. फारच वाईट परिस्थिती असेल तर जवळच्या बेटाच्या आडोशाला जा, चूल पेटवा, आणि थांबा. तो जादा खाण्याचा डबा त्यासाठीच आहे. सोमवारी ऑफिस आहे म्हणून रविवारी दुपारी मोकळ्या पाण्यात घुसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातला एक मीच होतो.

पेट्रोलचं गणित तिसऱ्या हिश्शाचं: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला बेताच्या वेगात ताशी साधारण १० लिटर धरून चाला.

खडपांचं काय? खुणेचे बोये मोजक्याच ठिकाणी आहेत. अनोळखी अरुंद वाटेत शिरताना इंजिन हळू करा, एकाला नाळेवर बसवा, आणि त्याच्या डोळ्यांवर पोलरॉइड चष्मा असू द्या. जीपीएसवर जातानाची रेघ नोंदवत ठेवा, म्हणजे परतताना त्याच रेघेवरून येता येतं. बेटं जाताना एक दिसतात, येताना दुसरी. त्यामुळे अधूनमधून मागं वळून बघायची सवय लावून घ्या.

आता मासे

मुख्य चार. वॉलआय, ज्याला इथले लोक पिकरल म्हणतात, नॉर्दर्न पाइक, म्हणजे जॅकफिश, लेक ट्राउट, आणि व्हाइटफिश.

पिकरल हा खाण्याचा राजा. त्याच्या डोळ्यात उजेड परावर्तित करणारा थर असतो, म्हणून मंद उजेडात त्याला नीट दिसतं. पहाट आणि तिन्हीसांज ही त्याची वेळ. भर दुपारी आरशासारख्या पाण्यात तो खोल दडी मारतो. पण वाऱ्यानं पाण्यावर बारीक खळबळ उठली की उजेड फुटतो आणि तो दिवसाही खायला वर येतो. म्हणजे ज्या वाऱ्याला आपण एवढं भितो तोच मासे लावून देतो. जागा शोधायची ती अशी: आडोशाच्या खाडीतच, पण वारा थेट येऊन आपटतो असं टोक किंवा पाण्याखालचा खडप, चार ते आठ मीटर खोल. जूनच्या सुरुवातीला नदीनाल्यांची तोंडंही चांगली.

साधन साधं. मध्यम ताकदीची स्पिनिंगची काठी, आठ-दहा पौंडांची दोरी, सात ग्रॅमची शिशाच्या डोक्याची गरी, म्हणजे जिग, तिला पांढरं किंवा पिवळं मऊ प्लॅस्टिकचं शेपूट. जिग तळाला टेकू द्या. हातभर नाही, वीतभर उचला, आणि दोरी ताठ ठेवूनच परत खाली जाऊ द्या. मासा बहुतेक वेळा खाली जातानाच घेतो. झटका येत नाही; तण अडकल्यासारखं जड लागतं. तेव्हा खेचायचं. काटा दाबलेली गरी आहे, त्यामुळे दोरी ढिली पडली की मासा गेला. मासा होडीत येईपर्यंत काठी वाकलेलीच राहिली पाहिजे.

जॅकफिशला शोधावं लागत नाही. उथळ खाडीत तणाच्या कडेला तो दबा धरून असतो आणि हलणाऱ्या कशावरही झडप घालतो. त्याला चमचा टाका, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं नकली आमिष. या भागातला सगळ्यात ओळखीचा चमचा अल्बर्टातल्या लेन थॉम्प्सन कंपनीचा, पिवळ्यावर लाल चौकटी असलेला. त्याचं नावच चौकटची पंजी. पत्ते खेळणाऱ्यांना लक्षात ठेवायला सोपं. दोरी आणि चमचा यांच्यामध्ये स्टीलची वीतभर तार हवीच. त्याच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही. तोंडात बोटं घालू नका. लांब नाकाची पकड वापरा.

लेक ट्राउटला थंड पाणी लागतं, दहा अंशांच्या आसपास. बर्फ गेल्यावर काही आठवडे तो वरच्या पाण्यात मिळतो. पाणी तापलं की खोल जातो. मग उत्तरेकडच्या हंटर बेसारख्या खोल भागात जावं लागतं. नवख्यानं जुलैत ट्राउटच्या मागं लागू नये. तो नाद लांबच्या पल्ल्याचा आणि खर्चाचा आहे.

ठेवायचा की सोडायचा

थंड पाण्यात मासा सावकाश वाढतो. मोठा ट्राउट कित्येक दशकांचा असू शकतो. म्हणून मोठे मासे सोडायचे, मधले खायचे. चवीलाही मधलेच बरे, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो हे वेगळंच. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, पोटाखाली आधार द्या, जबड्याला धरून उभा लटकवू नका, आणि फोटो एकच काढा.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पिकरल दहा मीटरहून खोल पाण्यातून वर ओढला की त्याच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो. ट्राउट ती हवा तोंडावाटे सोडू शकतो, पिकरलला ते जमत नाही. असा मासा परत सोडला तरी बहुधा मरतो. म्हणून खोल पाण्यात पिकरल धरत असाल तर मिळतील ते ठेवा, आणि मर्यादा भरली की तिथून उठा. ‘सोडतोय ना’ म्हणत तासभर खोल पाण्यात खेळत बसणं म्हणजे मासे मारून फेकणंच.

घरी नेताना तुकड्यावर कातडीचा एक चौकोन ठेवावा लागतो, म्हणजे कुठला मासा आहे ते तपासणाऱ्याला कळतं. तुकडे एकत्र गोठवून ढेप करू नका; मोजता आले पाहिजेत. साफ करायचं काम कॅम्पग्राउंडमध्ये त्यासाठी ठेवलेल्या जागीच करा. तंबूजवळ आतडी टाकलीत तर रात्री अस्वल येईल, आणि त्याची सवय तुमच्यानंतर येणाऱ्याला भोवेल.

तव्यावर

इथले लोक काठावर चूल मांडून पिकरल पिठात घोळवून तळतात, जोडीला बटाटे, कांदा आणि डब्यातले बीन्स. झकास लागतं. आम्ही घरून छोट्या बाटलीत आगळ, आणि एका डब्यात रवा, तांदळाचं पीठ, तिखट, हळद, मीठ एकत्र करून नेतो. तुकड्यांना आगळ चोळून दहा मिनिटं ठेवायचे, पिठात घोळवायचे, बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. समुद्राच्या माशावर वाढलेल्यांना गोड्या पाण्याचा मासा नीरस वाटतो, पण पिकरलला वास नाही आणि काटाही जवळजवळ नाही. जॅकफिशचं मात्र भिंगासारखं आहे: चव चांगली, पण मांसात दुहेरी फाट्याचे बारीक काटे. ते कापून काढायची पद्धत शिका, नाहीतर उकडून, काटे वेचून कटलेट करा. ट्राउट तेलकट असतो. त्याला मीठ-लिंबाशिवाय काही लावू नका. काहीही करा, पण कच्चं ठेवू नका. या माशांत पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. नीट शिजवलं की मरतात.

एक दिवस मासेमारीला सुट्टी देता आली तर ९१५ नंबरच्या रस्त्यानं स्टॅन्ली मिशनला जा. चर्चिल नदीच्या पलीकडच्या तीरावर होली ट्रिनिटी चर्च आहे, १८५४ ते १८६० मध्ये बांधलेलं, प्रांतातली उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत. तिथंही होडीनंच जावं लागतं.

निघताना

रॅम्पवरून होडी वर काढली की पुन्हा बाजूच्या मोकळ्या जागेत थांबा. पंख्याला, ट्रेलरच्या पट्ट्यांना, नांगराच्या दोरीला लागलेलं तण हातानं काढा. मासे ठेवायची टाकी, पंप, इंजिन, सगळ्यातलं पाणी उतरू द्या. वाटेत होडी तपासणीचं ठाणं उघडं असेल तर थांबणं बंधनकारक आहे; दहा मिनिटांचं काम असतं. पुढच्या तळ्यात घालण्यापूर्वी होडी उन्हात खडखडीत वाळू द्या.

आणि तळाचं बूच काढलंत की ते खिशात टाकू नका. खिसा धुण्यात जातो. इंजिनाच्या किल्लीला बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ते हातात आल्याशिवाय इंजिन सुरूच करता येणार नाही.